शंभर ग्रॅममधली तर्री

चारशे सतरा. प्रियदर्शनीनं दोन बोटांनी फोनवरचा आकडा मोठा करून पाहिला, पुन्हा लहान केला, तरी तो चारशे सतराच राहिला. शंभर ग्रॅममागे ऊर्जा चारशे सतरा किलोकॅलरी, स्निग्ध पदार्थ एकेचाळीस ग्रॅम. वर नांदेडच्या प्रयोगशाळेचं नाव, खाली शिक्का, सही, सगळं कसं रीतसर. दुसरं कुणी असतं तर डोकं धरून बसलं असतं. ही बाई तशातली नव्हे. ती स्वतःशीच मोठ्यानं म्हणाली, "चूक आहे हे," आणि उरलेला चहा शांतपणे संपवला. तिचा आकडा दोनशे त्रेपन्न होता. तो तिनं घाण्यात पडणाऱ्या एकेका जिनसेवरून काढला होता, तीनदा पडताळला होता, आणि नांदेडच्या शिक्क्यापेक्षा तिचा त्याच्यावर जास्त विश्वास होता. आता विश्वास कुणाचाही असो, लेबलवर छापायचा आकडा एकच असतो, आणि त्याखाली सही प्रियदर्शनीची असते. लातूरच्या औद्योगिक वसाहतीत दोन डाळ मिलच्या मधोमध पत्र्याच्या शेडमध्ये अमृतरावांचा हा कारखाना. इथं एकच वस्तू व्हायची. लग्नाकार्यात आपल्याकडं जी येसराची आमटी करतात, गहू, ज्वारी, हरभऱ्याची डाळ भाजून, काळ्या मसाल्यासकट दळून, तीच. घट्ट शिजवून दोनशे ग्रॅमच्या पुड्यात भरायची. घरी पुडा फोडा, पाणी घाला, उकळा, झाला रस्सा. कायद्याच्या भाषेत तिचं नाव 'कुकिंग सॉस'. पातेल्यावरच्या सरस्वतीबाईंनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या होत्या की शेवटी त्यांना पाणी द्यावं लागलं.

अमृतराव दारातूनच बोलत आले. त्यांच्याही फोनवर तोच कागद पोचला होता. "बघितलंत का म्याडम? अर्धा पुडा तेलच हाय की हो! हैदराबादच्या दुकानवाल्यांला हे लेबल दावलं तर ते पुडा न्हाई, मलाच उचलून बाहेर टाकतील." प्रियदर्शनी म्हणाली, हा आकडा खरा नाही. "खरा न्हाई तर मशीन खोटं बोलालंय का? बाईचा हात सैल हाय, मी पहिल्यापासून सांगालोय. लग्नातल्या सैपाकिणीला काय मापाचं म्हाईत? उद्यापासून येऊ नका म्हणून सांगा तिला. हैदराबादचा एकजण हाय, समदं काट्यावर मोजून करतो." हे सगळं त्यांनी रागानं नाही, एखादा बल्ब गेला की बदलायचा असतो तितक्या सहज सांगितलं, आणि तेच तिला लागलं. सरस्वतीबाई साठीला टेकलेल्या. औशाकडच्या खेड्यातून रोज सकाळी एसटीनं येणाऱ्या. घरात त्यांच्याच पगारावर चूल. "संध्याकाळपर्यंत थांबा," प्रियदर्शनी म्हणाली. "संध्याकाळी काय होणार हाय?" "चूक कुठं झाली ते मी सांगेन." "आन् न्हाई सांगता आलं तर?" "सांगता येईल," ती म्हणाली. अमृतरावांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, खांदे उडवले आणि गेले.

आता 'सांगता येईल' हे ती कशाच्या जोरावर म्हणाली, असं कुणी विचारलं असतं तर तिला चटकन सांगता आलं नसतं. लोक तिला ताठ म्हणायचे. वर्गातल्या पोरी म्हणायच्या, नवरा म्हणायचा, अमृतराव तर तिच्या तोंडावर म्हणायचे. तिला वाटायचं, ताठ कसली, मला फक्त आकड्यांची भीती वाटत नाही. परभणीला अन्नतंत्र शिकत असताना पहिल्याच वर्षी सरांनी एका शेंगदाण्याला टाचणी टोचून तो पेटवला होता आणि त्याच्यावर परीक्षानळीतलं पाणी तापवून दाखवलं होतं. केवढासा तो दाणा, पण जळत राहिला, जळतच राहिला. पोरं टाळ्या पिटत होती. हिच्या डोळ्यांसमोर मात्र नांदेडजवळच्या लोहा गावातलं घर उभं राहिलं होतं: आई, ती आणि भाऊ धम्मदीप, आणि आईनं तिघांत वाटलेले शेंगदाणे, सात-सात, आणि एक उरला तर धम्मदीपला, तो लहान म्हणून. सात दाण्यांवर किती पाणी तापेल हे तिनं तिथंच बाकावर बसून काढलं. बरंच तापत होतं. त्या संध्याकाळी वसतिगृहाच्या खोलीत तिला एकदम रडू आलं होतं आणि रडता रडता बरंही वाटलं होतं, कारण आपण लहानपणी काय खाल्लं आणि काय नाही, हे आता कुणाला विचारायची गरज नव्हती, ते काढता येत होतं. तेव्हापासून कॅलरी हा शब्द इतरांना जिमचा, डाएटचा, बारीक होण्याचा वाटतो, तसा तिला कधी वाटला नाही. तिच्या लेखी तो भुकेचा शब्द होता. कुणाच्या पोटात किती गेलं, एवढंच तो सांगतो, आणि सांगताना कुणाचं तोंड बघत नाही.

ती उठली आणि शेडच्या मागं गेली. एका घाण्याला दीडशे किलो रस्सा, त्याला पंधरा किलोचे दोन डबे तेल. एकेचाळीस ग्रॅम यायचे तर निदान चार डबे ओतायला हवेत. ज्यातला नमुना नांदेडला गेला त्या बुधवारच्या घाण्याचे रिकामे डबे भिंतीला लावून ठेवले होते, वर खडूनं वार लिहिलेला. दोनच. भरलेल्या डब्यांची थप्पी जिथल्या तिथं. म्हणजे पातेल्यात तेल बरोबर पडलं होतं. पातेलं बरोबर, तेल बरोबर, नांदेडचं मशीनही बरोबर धरू. मग राहिली कोण, तर बाटली. या नुसत्या विचारानंच तिच्या अंगात हुशारी आली. गेल्या बुधवारी ती इथं नव्हती. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नांदेडला होती, दवाखान्याच्या बाकड्यावर आईची चप्पल मांडीवर घेऊन बसली होती, आणि तिथूनच तिनं फोन केला होता: मावशी, आजच्या घाण्यातल्या दोन बाटल्या भरून ठेवा, एक नांदेडला तपासायला जाईल, एक आपल्याकडं राहील. प्रत्येक घाण्याची एक बाटली कारखान्यात जपून ठेवायची असते, उद्या काही तक्रार आली तर दाखवायला. ती बाटली आता कपाटात असणार. कपाट उघडलं, तर पुढंच होती. बाटलीवर पट्टी चिकटवलेली, पॅकिंगमधल्या सिंधुच्या गोल अक्षरात. एरवी तिथं 'राखीव' लिहायचं असतं. सिंधुनं लिहिलं होतं, 'घर'.

प्रियदर्शनीला हसू आलं. सरस्वतीबाईंनी तोंडानं सांगितलं असणार आणि सिंधुनं जसंच्या तसं लिहिलं असणार. मग तिनं बाटली खिडकीच्या उजेडात धरली आणि हसू ओठांवरच राहिलं. खाली दाट, करडा, गाळासारखा रस्सा आणि वर तेल म्हणावं तर नखभर. सैल हाताच्या बाईनं भरलेली बाटली अशी दिसेल? एकच पातेलं, एकच हात, एकच वेळ. एक बाटली तेलानं थबथबून नांदेडला गेली, आणि ही अशी, कोरडी, उपाशी. ती खिडकीशी तशीच उभी राहिली. बाहेर डाळ मिलच्या भुशाची धूळ उडत होती, पलीकडच्या रस्त्यावर शिकवणीच्या वर्गांचा भलामोठा फलक, त्यावर पहिल्या आलेल्या पोरांचे चेहरे ओळीनं. तिला काहीतरी आठवायला लागलं होतं, पण ते अजून वर आलं नव्हतं.

पातेल्याशी सरस्वतीबाई आजच्या घाण्याला फोडणी देत होत्या. दोनशे लिटरचं स्टीलचं पातेलं, त्यात मोटारीवर फिरणारी ढवळणी, आणि एवढं सगळं असूनही हातात स्वतःचं लांब दांड्याचं वगराळं, लग्नात रस्सा वाढायचं. ते त्यांनी घरून आणलं होतं आणि कुणाच्या हातात देत नसत. "मावशी, बुधवारच्या बाटल्या कशा भरल्या तुम्ही?"

"कशा म्हंजी? वगराळ्यानं."

"वरून की खालून?"

सरस्वतीबाईंना प्रश्नच कळला नाही. शिकलेल्या बाईनं हे काय विचारावं, अशा नजरेनं त्यांनी तिच्याकडं पाहिलं. "नांदेडची वरून. मोटार बंद केली, पाव तास थांबले, तर्री चांगली वर येऊ दिली, मंग अलगद काढून घेतली. तुम्हीच म्हणलात ना, नांदेडचे साहेब तपासणार हायेत? आता पाहुण्याच्या ताटात तळाचं वाढू का मी? तीस वर्सं लग्नं रांधलीत बाई, कुणी नाव ठेवलं न्हाई."

"आणि घरची?"

"घरची काय, खालची. घरच्यानला चालतंय की."

आधी तिला खदखदून हसावंसं वाटलं. प्रयोगशाळेला पाहुणा समजून तर्री वाढली! मशीनच्या पोटात चांगलंचुंगलं जावं म्हणून पाव तास वाट पाहिली! नांदेडच्या त्या पोरांना कळलं तर ती आठवडाभर जेवायची नाहीत हसण्यापायी. अमृतरावांना आत्ताच्या आत्ता सांगावं, हात दाखवून सांगावं, हे बघा, ही तुमची चूक. ती वळलीही. आणि वळताना सरस्वतीबाईंचं मनगट तिच्या नजरेला पडलं. त्या सहज रस्सा हलवत होत्या, वगराळ्याच्या पाठीनं लाल तवंग हलकेच बाजूला सारून खालचा रस्सा चाखायला काढत होत्या. तवंग हलला, फाटला, पुन्हा मिटला. एवढंच. पण जे मघापासून वर येत नव्हतं ते आलं. ती नऊ वर्षांची होती, लोह्याजवळच्या एका गावात, एका मोठ्या घरच्या लग्नात. वडील, नरसिंग, एसटीत वाहक, त्यांना पत्रिका आली होती, आणि वडिलांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, वाहकाचा खाकी नव्हे, पांढरा. दिवस कलायला लागला तरी त्यांच्या वस्तीची पंगत बसली नव्हती. बसली ती सगळ्यात शेवटी, मांडवाच्या बाहेर. वाढणारा बुवा बादली घेऊन आला. तिनं मान उंच करून बादलीत पाहिलं होतं, तर वर चांगली लालभडक तर्री होती, संपली नव्हती, भरपूर होती. बुवानं वगराळ्याची पाठ टेकवली, तर्री अशीच, अगदी अशीच, अलगद बाजूला सारली आणि खालून पाणी काढून तिच्या पत्रावळीवर ओतलं. पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढच्या पानावर तेच. हे सोपं नसतं. याला हाताला सवय लागते, वर्षानुवर्षांची. तिची आई, धुरपताबाई, जी कधी चारचौघांत तोंड उघडत नसे, ती म्हणाली, "तळापासून ढवळून वाढा की ओ दादा. समद्यांला सारखं येईल."

आवाज चढवून नव्हती म्हणाली. पण पंगत गप्प झाली. बुवा म्हणाला, "खाऊन घ्या बाई, चांगलंच हाय ते," आणि मांडवातून कुणीतरी हसलं. वडील पानाकडं बघत राहिले. पांढरा शर्ट, मानेवर घामाचा ओघळ. परत येताना बैलगाडीत ते एवढंच बोलले, "खाण्यावरून बोललीस. चारचौघांत." पुढं वर्षभर तरी ते आईशी नीट बोलले नाहीत, आणि भावकीतल्या बायकांनी तिचं नाव पाडलं, 'तर्रीवाली'. नळावर, बारशाला, कुणाच्या मयतीला गेलं तरी. "तर्रीवाली आली का गं?" प्रियदर्शनीला त्या बायकांचा राग यायचा, वडिलांचा यायचा, आणि सगळ्यात जास्त आईचा, कारण आईनं ते कबूल करून टाकलं होतं. त्या लग्नानंतर आईनं तर्री कधी आपल्या वाटीत घेतली नाही. स्वतःच्या घरात, स्वतःच्या चुलीवर, स्वतः केलेल्या रश्शातली सुद्धा. वर वर काढून सगळ्यांना वाढायची आणि खालचं आपण घ्यायची, जणू शिक्षाच भोगत होती. वडील गेले, पोरं कमावती झाली, तरी तेच. एकदा प्रियदर्शनीनं जबरदस्तीनं वाढली तर आईनं वाटी सरकवून दिली: "नगं बाई. पुन्हा कुणी म्हणल."

आणि आता सरस्वतीबाई समोर उभ्या होत्या, पदर खोचून, हातात वगराळं. त्या त्या गावच्या नव्हत्या, त्या लग्नात नव्हत्या, त्यांचा काडीचा संबंध नव्हता. पण हात तोच होता. तीस वर्षं लग्नं रांधलीत म्हणे! त्या तीस वर्षांत शेवटच्या पंगती किती बसल्या असतील आणि या हातानं किती पानांवर पाणी ओतलं असेल? घरच्यानला चालतंय, म्हणे. कुणाला चालतंय? प्रियदर्शनीला स्पष्ट दिसलं की आता काहीच करायची गरज नाही. अमृतरावांकडं जायचं आणि म्हणायचं, हो, बाईच्या हाताचीच चूक. यात एक अक्षर खोटं नव्हतं. उद्या हैदराबादचा माणूस येईल, काट्यावर मोजेल, आकडा दोनशे त्रेपन्न येईल, आणि हे मनगट औशाकडच्या त्या खेड्यात आपल्या घरी बसेल. बरं झालं असतं. फार बरं झालं असतं, असं तिला आतून वाटलं, आणि वाटल्याची लाजही वाटली नाही.

जेवणाची सुट्टी झाली. बायका भिंतीच्या सावलीत डबे उघडून बसल्या. प्रियदर्शनी रोज आपल्या खोलीत जेवायची, आज त्यांच्यात जाऊन बसली. का, ते तिला नीट माहीत नव्हतं. बहुधा राग टिकतो का ते बघायला. सरस्वतीबाईंनी फडक्यातली ज्वारीची भाकरी सोडली, कांदा हातानं फोडला आणि वाटीत आजच्या घाण्यातला रस्सा घेतला होता तो भाकरीवर ओतला. दाट, करडा. गाळ. खिडकीत धरलेल्या 'घर' बाटलीसारखा. "मावशी, तर्री का नाही घेतलीत?"

"मला?" त्यांना खरंच नवल वाटलं. "वाढणारीला कुठली वं तर्री? पयले पाहुणे, मंग बाप्ये, मंग लेकरं. आपल्या वाट्याला तळ." सिंधु वगैरे पोरी हसल्या. त्याही हसल्या.

"आवडत नाही का?"

घास हातात तसाच ठेवून सरस्वतीबाई विचारात पडल्या. इतका विचार त्यांनी मिठाच्या मापाचाही केला नसेल. "काय की बाई," त्या म्हणाल्या. "नीट खाऊन बघितलीच न्हाई कदी." आणि घास तोंडात घातला. प्रियदर्शनीचा राग काही विरघळला नाही, खोटं कशाला बोला. नऊ वर्षांच्या पोरीचा राग असा भाकरीच्या तुकड्यानं जात नसतो. पण तो आता या बाईवर धरवेना. ज्या हातानं शेवटच्या पंगतीला पाणी वाढलं त्याच हातानं स्वतःलाही तळच वाढून घेतला होता, जन्मभर, आणि कुणी तक्रार करायची असते हे त्याला ठाऊकच नव्हतं. तिच्या आईला निदान एकदा तरी ठाऊक झालं होतं. हात बदलायचा नाही, तिनं ठरवलं, हाताची सवय बदलायची. आणि ती बदलेल, याविषयी तिला शंका नव्हती. तिनं यापेक्षा मोठमोठी माणसं बदललेली पाहिली होती, त्यात एक तिचा नवरा होता.

चार वाजता तिनं अमृतरावांना पातेल्याशी बोलावलं. मोटार बंद केली. पाव तास सगळे गप्प उभे, अमृतराव तेवढे चुळबुळ करत. लाल तवंग चार बोटं वर आला तशी तिनं एक बाटली वरून भरली, एक खालून. टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. "ही नांदेडला गेली होती. ही कपाटात राहिली होती. तेल दोनच डबे पडलंय, रिकामे डबे मागं आहेत, जाऊन बघा. मावशींनी तेल जास्त घातलं नाही. जास्त वाढलं." अमृतराव दोन्ही बाटल्यांकडं आळीपाळीनं बघत राहिले. मग सरस्वतीबाईंकडं. "अहो, साहेबाला म्हणून तर्री धाडलीत व्हय?" त्यांनी विचारलं, आणि त्या मान खाली घालून म्हणाल्या, "मंग काय, गाळ धाडू?" अमृतरावांना हसू आवरेना. हसून झालं तशी प्रियदर्शनी म्हणाली, "आता पुन्हा दोन बाटल्या. मावशीच भरतील." तिनं मोटार चालू केली आणि सांगितलं, मोटार चालू ठेवायची, शिवाय वगराळं तळाला लावून ढवळायचं, आणि फिरतं असतानाच काढायचं. दोन्ही बाटल्यांत एकसारखं, नांदेडच्याही आणि घरच्याही.

"मंग पाहुण्याला येगळं काय?" सरस्वतीबाईंनी विचारलं. वाद घालायला नाही, त्यांना खरोखर कळत नव्हतं.

"काही वेगळं नाही, मावशी."

त्यांनी ढवळलं. वगराळं तळाला खरवडत गेलं, वर आलं, आणि वर येताना मनगट आपोआप कलंडलं, तवंगाच्या दिशेनं. मध्ये बोलायचं नाही असं प्रियदर्शनीनं ठरवलं होतं, कारण सगळं त्या मनगटावर होतं. सरस्वतीबाईंनी वगराळ्यात पाहिलं. त्यात निम्मं तेल होतं. "आगं बया," त्या स्वतःलाच म्हणाल्या, वगराळं पुन्हा पातेल्यात रिकामं केलं, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि असं काही ढवळलं की रस्सा पातेल्याच्या काठावर आला. मग फिरत्यातून बाटली भरली. दुसरी भरली. दोन्ही उजेडात धरून बघितल्या, वाण्याच्या दुकानात तराजूचा काटा बघावा तशा, आणि टेबलावर ठेवल्या. "घ्या," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थोडी नाराजी होती. शेडबाहेर आल्यावर अमृतराव प्रियदर्शनीला म्हणाले, नांदेडचा आकडा येईपर्यंत हैदराबादच्या माणसाला थांबवतो. आकडा आला तर बाई राहील. न्हाई आला तर मी काय ऐकणार न्हाई. प्रियदर्शनी म्हणाली, न ऐकण्याची पाळीच येणार नाही.

नांदेडला बाटली ती स्वतः घेऊन गेली. कुरियरवर ठेवली असती तर चाललं असतं, पण चाललं असतं या शब्दाचाच तिला आज वैताग आला होता. अहमदपूरच्या पुढं बसमध्ये जागा मिळाली तेव्हा तिनं पर्स खाली ठेवली आणि बाटली मांडीवर घेतली. तिच्यात तेल पुन्हा हळूहळू वर येत होतं. प्रत्येक खड्ड्याला मिसळायचं, पुन्हा वर यायचं. ढवळणं एकदा करून संपत नाही तर, तिला वाटलं, दर वेळी वाढताना करावं लागतं. आणि मग वाटलं, पुड्याचंही हेच होणार. आम्ही कितीही सारखं भरलं तरी घरोघरी पातेल्यात तर्री वर येणार, कुणीतरी ती अलगद काढणार, आणि माझा आकडा एकाच्या ताटात चारशे आणि दुसऱ्याच्या ताटात शंभर होणार. सही मात्र माझी. लोहा आलं तेव्हा ती उतरली नाही. खिडकीतून आईच्या गल्लीचं तोंड तेवढं बघितलं.

तिसऱ्या दिवशी आकडा आला. दोनशे छप्पन्न. तिच्या गणितापेक्षा तीन जास्त, आणि हे तीन तिला फार आवडले. तंतोतंत आला असता तर तिनंच संशय घेतला असता. तिनं पातेल्याशी जाऊन सरस्वतीबाईंना सांगितलं, "मावशी, जमलं. तुम्ही कुठं जात नाही." त्या म्हणाल्या, "मी कुठं चालले होते?" त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं, आणि तिनंही मग सांगितलं नाही. अमृतरावांनी मात्र लेबल हातात घेऊन नवी कटकट काढली. एका वेळचं प्रमाण म्हणून 'एक चमचा, अडतीस कॅलरी' छापा, समदेच तसं छापतात, आकडा कसा बारका दिसतो. "अमृतराव, तुम्ही रस्सा चमच्यानं खाता?" ती म्हणाली. "भाकरी कुस्करून वाटी ओतता आणि वर दुसरी मागता. एक वाटी रश्शाला पन्नास ग्रॅम सॉस, एकशे अठ्ठावीस. खरं तेच छापायचं." लोक घाबरतील, ते म्हणाले. "घाबरत नाहीत. लपवलं की घाबरतात." मग आकड्यांच्या चौकटीखालची शेवटची ओळ वाचून ते पुन्हा उसळले. "आन् हे काय? वाढताना तळापासून ढवळून वाढा, इथवर ठीक. समद्यांना सारखं येईल, हे कशाला? पुड्यावर जागा हाय का?"

"त्याच्याशिवाय वरचा आकडा खरा होत नाही," प्रियदर्शनी म्हणाली. शास्त्राला धरूनच होतं ते. अमृतरावांनी लेबल छापायला पाठवलं.

पहिला छापील पुडा घेऊन ती रविवारी लोह्याला गेली. आई ओट्यावर बसली होती, ऑपरेशनचा काळा चष्मा निघून चार दिवस झाले होते आणि नव्या डोळ्यानं ती दिसेल ते वाचत सुटली होती: औषधाच्या बाटल्या, वर्तमानपत्राचे तुकडे, समोरच्या भिंतीवरची रंगाची जाहिरात. वाचायला ती उतारवयात शिकली होती, रात्रीच्या वर्गात, म्हणून अक्षर अक्षर सुटं करून वाचायची. "जयभीम माय, हे वाच," प्रियदर्शनीनं पुडा हातात दिला. आईनं तो लांब धरला, जवळ धरला, नाव वाचलं, चौकट वाचली. "एकशे अठ्ठावीस म्हंजी लई का कमी?" "जेवढं असतं तेवढं," प्रियदर्शनी म्हणाली. मग आई शेवटच्या ओळीवर आली. बोट टेकवलं. "वा-ढ-ता-ना," ती म्हणाली. "त-ळा-पा-सून." पुढचं तिनं अक्षरं न लावता, एका दमात म्हटलं. बोट तिथंच राहिलं.

"हे कुणी लिवलं?"

"मी."

"आन् छापू दिलं त्यांनी? समद्या पुड्यांवर?"

"समद्या."

आईनं पुडा मांडीवर ठेवला, पदरानं नवा डोळा टिपला, डॉक्टरांनी डोळ्याला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं तरी. "म्हंजी मी तवा खाण्यासाठी बोलले न्हवते," ती म्हणाली. हा प्रश्न नव्हता. प्रियदर्शनीनं तरीही उत्तर दिलं.

"न्हाई, माय."